पाटीवरचा पर्यटक

हसा, हसा, संकोच करू नका — सकाळपासून बघतोय, सगळेच हसतात — आणि हो, तो भिंतीवरच्या फोटोत पोट पुढे काढून हात हलवणारा मीच. केस तेवढे तेव्हाचे. बसा ना, बाक दोघांचा आहे. नाही हो, मी इथला पहारेकरी नाही — हे फोटो माझ्या लेकीचे, आज तिच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस, पाहुणे यायचेत संध्याकाळी, आणि मी आपला आधीच येऊन बसलोय, लग्नघरातल्या रिकामटेकड्या काकासारखा.

बाकीचे पाहिलेत? कसं आहे, पोस्टकार्डावर काय असतं — किल्ला, पूल, रंगीत झगे घातलेल्या बाया — आणि लोकांना वाटतं, हाच तो देश. आमच्या लेकबाईसाहेब म्हणतात, मग ह्यात आपण कुठे आहोत? आपण म्हणजे ती, मी, बाहेरून येऊन इथलेच झालेले. म्हणून तिनं पोस्टकार्डातल्या जागी आमच्यासारखी माणसं उभी केली — ती पुलावर हात पसरलेली आमच्या शेजारची नर्स, किल्ल्याच्या दारात माझा कामावरचा जोडीदार, हातातल्या पान्यासकट. मला मात्र उभं केलेलं नाही हं, मी अस्सल! हा फोटो जुना, शाळेत असताना तिनंच काढलेला. आम्हाला इथलं नागरिकत्व मिळालं, त्या दिवशीचा. शपथ घ्यायला जायचं होतं कचेरीत — आता घालायचं काय? हिची आई म्हणाली, कोट घाला. मी म्हटलं, कोट काय, कोट कुठंही चालतो, आज अंगावर ह्या देशाचं काहीतरी पाहिजे! आणि गेलो किल्ल्याखालच्या दुकानात आणि आणला हा शर्ट — छातीभर लाल बदाम, खाली देशाचं नाव. जोडीला टोपी. मला काय माहीत, इथली माणसं असला शर्ट मेली तरी घालत नाहीत! फिरायला आलेले घालतात. ज्याला परवा परत जायचंय तोच छातीवर लिहून फिरतो, माझं प्रेम आहे म्हणून — इथला माणूस आपला घरभाड्याच्या आणि पावसाच्या नावानं बोटं मोडत चालतो. तर हॉलभर लोक कोटात, आणि मी बदामात. दारावरचा शिपाई अगदी गोड आवाजात म्हणाला, साहेब, संग्रहालय पलीकडच्या इमारतीत. हिची आई तोंडावर पर्स धरून हसली, हसता हसता रडायला लागली. शपथ मी तशीच घेतली.

आणि आता खालची पाटी वाचा. 'पर्यटक'. बस्स, एवढंच. म्हटलं, अगं बाळ, जन्मभर ह्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, अर्धं शहर माझ्या भरवशावर वर-खाली करतंय, आणि मी पर्यटक? तर म्हणते, बाबा, तोच तर प्रश्न आहे! कलेतलं मला ढिम्म कळत नाही. राग नाही हो आला — म्हणजे आला, थोडा — नाही, खरं सांगू का, लागलं मनाला. बाकीचे सगळे तिनं सांगितलं म्हणून उभे राहिलेत, मी कुठं नाटक करत होतो? मी तो शर्ट मनापासून घातला होता. आता तिनं माझ्यावर सोडलंय — बाबा, तुम्हाला नको असेल तर पाहुणे यायच्या आत काढते, तुम्ही सांगाल ती पाटी लावते. ती बघा, कोपऱ्यात उभी आहे, माझ्याकडे बघत नसल्यासारखं दाखवतेय. पण मी सांगू काय? 'नागरिक' लिही म्हणू? मग तर लोक आणखी हसतील! मघाशी एक जोडपं आलं होतं, ती बाई म्हणाली, काय येडा माणूस आहे — आणि मी काय केलं असेल? हो ना, म्हटलं, अगदीच! ओळखच नाही दाखवली स्वतःची. हिची आई असती तर म्हणाली असती, तरी मी सांगत होते, कोट घाला. आता कुणी सांगणारं नाही, तर रोज कोट घालून फिरतो.

निघालात? काय — स्टेशन? मला विचारताय? नाही, नाही, माहीत आहे, माहीत कसं नाही — पण काय आहे, मला इथं कुणी रस्ता विचारत नाही. मी समोर उभा असलो तरी लोक माझ्या मागच्याला विचारतात. थांबा, नीट सांगतो. बाहेर पडलात की डावीकडे, पोस्टापर्यंत नाकासमोर, मग पूल लागेल — पुलावर चढायचं नाही, खालून जायचं, नवीन माणसं चढतात आणि फसतात — की आलंच स्टेशन. अहो, आभार कसले, आम्ही इथलेच! या. सावकाश जा.

डावीकडे म्हणालो का मी? पोस्ट तर उजवीकडे — अहो! अहो, थांबा, ऐका — गेले. काय तरातरा चालतात.

काही नाही गं, काही नाही झालं. ती पाटी ना — राहू दे, आहे तीच राहू दे. पण विचारलं मला. एवढी माणसं होती इथं, आणि त्यांनी मला विचारलं.