ओट्यावरची शेळी

चहा निवतोय, तोवर सांगतो. सयाजीराव महाराजांच्या वेळी आम्ही बडोद्याला वाडी भागात राहायचो. आमची पोळ म्हणजे एका दरवाजाआतली वीस घरं. तिथे पंचांचा नियम मोडला, तर लग्नाकार्याला सामाईक भांडी मिळत नसत.

बहिणीचं लग्न तोंडावर आलं, तेव्हा पंचांमधले मोठे तात्यासाहेब आईला म्हणाले, “वहिनी, गल्लीत जनावर बांधायचं नाही. दारातली तुमची शेळी काढा, मग भांडी न्या.”

मी शेळी मामाकडे बाजव्याला सोडून आलो. बिचारी वाटभर मागे बघत होती.

दुसऱ्या सकाळी तात्यासाहेबांची बायको पेला घेऊन दारात उभी. “अहो, नातवाचं दूध?” त्या पोराला शेळीचंच दूध पचायचं.

“ते आता बाजव्याला मिळेल,” आई म्हणाली.

संध्याकाळी पंच पुन्हा बसले. नियम नाही हो मोडला त्यांनी. ओटा म्हणजे गल्ली नव्हे, म्हणून शेळी तात्यासाहेबांच्या ओट्यावर बांधावी, असं ठरलं.

आम्हाला भांडी मिळाली. तात्यासाहेब मात्र रोज सकाळी लेंड्या झाडताना दिसायचे. ज्याचा ओटा त्यानंच झाडायचा, हाही नियम त्यांचाच होता.