पेढे न खाणारा समुद्र

मंडळी, ऐका! दारात उभे आहात त्यांनी आत या, पुढच्यांनी जरा सरकून घ्या. आज कीर्तनात घाई करायची नाही, कारण आज विषयच थांबण्याचा आहे.

मला आधी एक सांगा. आई भाताचं पातेलं उतरवते आणि म्हणते, "थांब, वाफ जिरू दे." आपण थांबतो. खुर्चीतला माणूस, समोर कागद तयार असताना, म्हणतो, "थांबा." तिथंही आपण थांबतोच! शब्द एकच. पण ही दोन थांबणी सारखीच का? निम्मे होय म्हणताय, निम्मे नाही म्हणताय, आणि पेटीवाले गुरुजी दोन्हीकडे मान हलवतायत! बरं, गोष्ट ऐका, मग ठरवा.

मराठवाड्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, उगाच तिथलं कुणी समोर बसलेलं निघायचं! समुद्र तिथून इतका लांब, की निम्म्या गावानं तो टीव्हीवरच पाहिलेला. त्या गावात अण्णासाहेब होनराव. चौतीस वर्षं सरकारी नोकरी, त्यातली शेवटची पंधरा दाखल्यांच्या टेबलावर. पैशाला हात लावला नाही हं माणसानं! पेढ्यांना मात्र नाही म्हटलं नाही. देवाचा प्रसाद, कसं नाही म्हणणार? आणि पेढे आले नाहीत, तर मान वर न करता एकच वाक्य — "आठ दिवसांनी या."

अण्णा रिटायर झाले. शाल झाली, नारळ झाला, डोळे पुसायला लावणारी भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बाजारातून निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नमस्कार नाही! घरी येऊन म्हणतात, "मंदा, गावात आज कुणी दिसलं नाही गं."

मंदाबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "दिसले असतील. त्यांनी तुम्हाला पाहिलं नसेल."

दुपार मोठी व्हायला लागली. दाराची कडी वाजेना. मग एकदा लेकीकडे पुण्याला गेले असताना दाताच्या दवाखान्यात अण्णांनी काय पाहिलं? काचेच्या पेटीत खारं पाणी, आणि त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. समोर सात-आठ माणसं तोंड उघडून उभी! दाताच्या दवाखान्यात तोंड उघडायचंच असतं म्हणा, पण ही आपखुशीनं उघडलेली! अण्णांच्या मनानं घेतलं. असा समुद्र आपल्या हॉलमध्ये असला, की माणसं येतील.

गावात रंगीत माशांचं एकच दुकान, नामदेव गुंडरेचं. तिशीचा, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्यानं अण्णांना पाहिलं आणि हातातली जाळी खाली ठेवली. अण्णांनी काही त्याला ओळखलं नाही.

"साहेब, गोड्या पाण्याची टाकी घ्या. सोपी असते."

"समुद्रच पाहिजे."

"मग थांबावं लागेल."

"किती?"

"ते पाणी सांगेल."

तीन फुटांची टाकी आली. गाळलेलं पाणी आलं, त्यात मिसळायचं खास मीठ आलं, दगड आले, लाटा करणारा पंप आला. हॉलमध्ये पाणी हलायला लागलं आणि अण्णांच्या अंगावर काटा आला. "आता मासे सोड, नामदेवा!"

नामदेव म्हणाला, "आता एक मेलेला झिंगा सोडायचा. आणि तो सडू द्यायचा."

मंदाबाई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या! मंडळी, सात पिढ्यांत ज्या घरात अंड्याचा केक शिरला नाही, त्या घरात सडका झिंगा! "काय सोडायचं म्हणालात?"

नामदेवानं हात जोडले. "काकू, माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाणारे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे. मासे येण्याआधी ते दगडांवर वाढवावे लागतात, आणि वाढायला त्यांना खाणं लागतं. झिंगा नको असेल तर नवसागर टाकू. कल्हईवाले वापरतात तो. मी चांगला शुद्ध आणतो."

नवसागर! शाकाहारी! लाटणं आत गेलं.

रोज एक काम अण्णांकडे. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. एका नळीत हिरवा आला तर पहिलं विष आहे. दुसऱ्या नळीत जांभळा आला तर दुसरं विष आहे. कारण एक जंतू पहिलं विष खाऊन दुसरं करतात, आणि ते दुसरं खाणारे आणखी उशिरा येतात. दोन्ही रंग गेले, की मासे!

गावाला बातमी लागली. माणसं आली बरं का! चहा प्यायली, पेटीसमोर उभी राहिली. "अण्णा, मासे कुठायत?" "येतायत." बाराव्या दिवशी दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला. शेजारचे बिराजदार म्हणाले, "समुद्राला बुरशी आली का हो?"

सोळाव्या दिवशी हिरवा रंग गेला! अण्णा धावत दुकानात. "झालं! दे मासे!"

"जांभळा?"

"तो आहे जरासा. गर्द."

नामदेव म्हणाला, "साहेब, आठ दिवसांनी या."

मंडळी, तो पोरगा साधं वाक्य बोलला. पण अण्णांच्या कानाला ते साधं कसं लागेल? त्या वाक्याचा अर्थ त्यांच्याइतका तालुक्यात कुणाला ठाऊक होता! अण्णा मनातल्या मनात हसले. म्हणजे याला काहीतरी पाहिजे! सरळ मिठाईच्या दुकानात गेले, अर्धा किलो पेढ्यांचा बॉक्स बांधून घेतला आणि नामदेवाच्या गल्ल्याशेजारी हळूच सरकवला. पंधरा वर्षं तो बॉक्स टेबलाच्या या बाजूनं पाहिलेला माणूस, आज त्या बाजूला उभा!

नामदेवानं बॉक्स परत सरकवला. "मी घेतला तरी काय उपयोग, साहेब? ते जंतू पेढे खात नाहीत."

आता मात्र अण्णा पेटले. पेढेही घेत नाही म्हणजे हा सूड आहे! कसला सूड, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण ज्यानं सूड उगवतील इतकी माणसं अडवलेली असतात, त्याला नेमकं कारण आठवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं जिल्ह्याला गेले. तिथल्या दुकानात कुणी जांभळं-हिरवं विचारलं नाही. पिशवीत पाणी, पाण्यात दोन नारिंगी मासे, पिशवी मांडीवर! वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला अण्णा पिशवी अलगद वर उचलत होते. आपल्या लेकीलाही त्यांनी कधी इतकं जपून आणलं नव्हतं.

संध्याकाळी मासे टाकीत गेले. बिराजदार आले, आणखी चार घरं आली. तोंडं उघडली! मंदाबाईंनी दृष्टसुद्धा काढली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला एक मासा वर येऊन धापा टाकायला लागला. त्याचे कल्ले लोहाराच्या भात्यासारखे चाललेले. दुसरा दगडाला टेकून पडलेला. अण्णा काचेवर बोटं वाजवतायत, "अरे चल, चल ना!" बाराला एक गेला. तीनला दुसरा. सात पिढ्यांच्या शाकाहारी मंदाबाईंनी दोन्ही मासे ओंजळीत घेतले, परसात कढीलिंबाच्या बुंध्याशी पुरले, हात धुतले आणि आत जाऊन बसल्या. ते अण्णांना सोसेना.

ते दुकानात जाऊन ओरडले, "तू मुद्दाम थांबवलंस मला! नीट समजावून सांगितलं असतंस, तर मी तिकडे गेलो असतो का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नामदेवानं त्यांना आधी पाठवलं. मग स्टूल पुढं केलं. "बसा, साहेब. तुम्हाला आठवत नसेल. बारा वर्षं झाली. मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजला माझा नंबर लागला होता. दाखला पाहिजे होता. सहा खेपा घातल्या मी. सहाव्या खेपेला तुम्ही ड्रॉवर उघडला आणि दाखला काढून दिलात. सहीची तारीख होती त्याच्यावर. मी पहिल्यांदा आलो होतो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची."

अण्णा स्टुलावर टेकले.

"प्रवेशाची मुदत दोन दिवस आधी संपली होती. म्हणून सांगतो, साहेब. उगाच थांबवल्यावर माणसाचं काय होतं, हे मला माहितीये. पाणी तयार असतं, तर त्याच मिनिटाला मासे दिले असते मी तुम्हाला."

अण्णांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खूप आठवून पाहिलं. मंडळी, त्यांना तो पोरगा आठवेना! सहा वेळा समोर उभा होता, पण अण्णांनी मान वर केली असेल तर ना!

अण्णा घरी आले. पुन्हा रोज नळी, रोज थेंब. आता चहाला माणसं येत नव्हती. रोज पाण्याला विचारायचं, पाणी म्हणायचं नाही, आणि ते खरं असायचं. एकोणचाळिसाव्या दिवशी जांभळा रंग गेला.

त्या दिवशी अण्णा दुकानात गेले, पण मासे मागितले नाहीत. म्हणाले, "नामदेवा, माझं चुकलं. तुझा दाखला मी अडकवला. मला माफ कर."

तुम्हाला वाटलं असेल, नामदेव पाया पडला, दोघं रडले! नाही. नामदेव जाळी धूत होता. धुता धुता म्हणाला, "माफ केलं, साहेब. पण मी आता अठरा वर्षांचा थोडाच होणार आहे?" आणि दोन धडधाकट मासे निवडून पिशवीत घातले.

मासे जगले. लोक बघायला येतात. अण्णा सगळ्यांना टाकीजवळ नेतात, पण स्वतः मागं उभे राहतात.

हसलात ना अण्णांना? मीही हसलो होतो. मग घरी जाऊन डायरी उघडली. माळावरच्या एका लहानशा वस्तीची माणसं दोन वर्षं माझ्याकडे कीर्तनाची तारीख मागतायत. मी म्हणतो, "बघतो, कळवतो." आणि डायरीची पानं, मंडळी, कोरी आहेत! भात शिजत असेल तर थांबवा हो माणसाला, पण भात होऊन चूल विझलेली असताना कशाला बसवून ठेवता? कुणाचं उत्तर आपल्याकडे तयार असून पडलंय? सुनेला माहेरी जायचंय, भावाला सही हवीय, म्हातारा बाप फोनची वाट बघतोय. आपण म्हणतो, बघू!

उद्या सकाळी मी त्या वस्तीला फोन करणार आहे. तुम्ही कुणाला करणार?