गंगामावशीच्या म्हशीचं कौतुक

कौतुक कसं अंगलट येतं, ते मला विचारा. वाशीजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मी नवाच मास्तर होतो. शेजारच्या गंगामावशीची म्हैस बघून सहज म्हणालो, "काय देखणी म्हैस आहे हो!"

झालं! संध्याकाळी म्हशीनं दूधच दिलं नाही. मावशी दारात हजर.

"मास्तर, तुमची नजर लागली. आता तुमीच तिला नावं ठेवा."

"म्हशीला?"

"व्हय. तोंडावर."

काय करता! गोठ्यात उभा राहून म्हणालो, "काय हे ध्यान! शिंगं वाकडी, पोट खपाटीला, चालणं तर बघवत नाही."

मागनं मावशी म्हणाली, "शेपटीचं राह्यलं."

शेपटीलाही नावं ठेवली. सकाळी म्हशीनं बादली भरून दूध दिलं!

गेल्या महिन्यात माझी बदली झाली. निरोपाला सगळे गोड गोड बोलले. शेवटी मावशी डोळे पुसत उठली आणि माईकवर म्हणाली, "हे मास्तर लई भंगार. ह्यास्नी काय बी शिकवता येत न्हाय. आन् ध्यान तर बघा!"

मुख्याध्यापक माईक काढून घ्यायला धावले. मी त्यांचा हात धरला.

"बोलू द्या हो सर. अजून शेपटीचं राहिलंय."