ऑर्गनचा ठोका आणि मानपत्रातलं तिसरं वाक्य

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे सन्माननीय विश्वस्त, आपल्या सभागृहातल्या जुन्या ऑर्गनची किंमत ठरवायला आलेले पाहुणे तज्ज्ञ, आज निवृत्त होणारे आपले मिस्त्री, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि माझ्या गायनवृंदातल्या ज्येष्ठ मित्रमैत्रिणींनो,

मानपत्र वाचण्याचा मान मला दिलात, आभारी आहे. पण त्यातलं तिसरं वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही. ‘त्यांनी या दुर्मीळ वाद्याच्या मूळ रचनेला कधीही हात लावला नाही.’ वा! माणसाचा गौरव करायचा, आणि त्याने केलेलं एकमेव मोठं काम पुसून टाकायचं?

आमच्या वृंदात सत्तरीच्या आतलं कुणी नाही. मागच्या रांगेला सुराची सुरुवातच ऐकू यायची नाही. पुढची रांग दुसऱ्या ओळीवर, मागची अजून पहिलीच्या दारात. ऑर्गनला एक कळ आहे. ती दाबली की प्रत्येक सुराच्या तोंडाशी ‘टक्’ असा ठोका येतो. पण बनवणाऱ्याची करामत अशी, की ठोका चालू केला की बाकीचा आवाज खाली बसतो. म्हणजे ठोका हवा तर सूर सोडा. म्हाताऱ्यांनी काय करावं?

मिस्त्रींनी पाठीमागची फळी उघडली. मी डोकावले, तर म्हणाले, “बाई, लांब व्हा. आत तीनशे व्होल्ट आहेत, ते वय बघत नाहीत.” वहिनी उजेडासाठी बॅटरी धरून उभ्या. त्या म्हणाल्या, “घरचा पंखा चार महिने बंद आहे, आणि इथे बघा कसा जीव लावलाय!”

तीन रविवार गेले. आवाज खाली पाडणारी एक वायर त्यांनी सोडवली. ठोक्याचा जोर बांधून ठेवणाऱ्या रेझिस्टरच्या जागी फिरवायचं बटण बसवलं. चौथ्या रविवारी मागची रांग पुढच्या रांगेबरोबर गायली. आमच्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, “आज सगळे सावकाश का गातायत?” त्यांना पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर गायला मिळालं होतं हो!

आणि मग मिस्त्रींनी चूक केली. असली चूक प्रामाणिक कारागीरच करतो. काढलेले सुटे भाग पाकिटात घालून आतच चिकटवले. फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकृती काढली, काय बदललं ते लिहिलं, तारीख घातली, सही केली. का? तर पुढे दुरुस्तीला येणारा अडखळू नये म्हणून. चोर कधी पत्ता लिहून जातो का?

पाहुण्यांनी फळी उघडली आणि पुरावा मिळाला. संस्थेला ऑर्गन विकायचा आहे, आणि तो मूळ रूपातलाच विकला जाईल, बदललेला नाही, असं ठरलं. मिस्त्रींवर ‘वाद्याशी छेडछाड’ असा ठपका आला आणि दोन वर्षं आधीच निवृत्ती. काल त्यांचं तीन रविवारांचं काम चाळीस मिनिटांत उलटवलं गेलं. कशाच्या आधारे? त्यांनीच काढलेल्या आकृतीच्या!

चौकशीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं होतं, “हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत?” मिस्त्री म्हणाले, “माझ्या मनाने.” मी समोरच बसले होते. अन्यायावर दोन-दोन तास बोलणारी मी, पाण्याचा ग्लास उचलला आणि प्याले.

आज सांगते. मी सांगितलं होतं. एकदा नाही, पाच वेळा. ते नको म्हणत होते. मी त्यांच्या हातापाया पडले होते. ठपका लिहायचाच असेल तर माझ्या नावे लिहा. आणि ते तिसरं वाक्य खोडा. खोडून, जे त्यांनी केलं ते लिहा. ठपक्यात ‘हात लावला’ आणि मानपत्रात ‘हात लावला नाही’, हे एकाच संस्थेच्या एकाच शिक्क्याखाली कसं चालेल?

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. वहिनी, तुमचे रविवार आम्ही खाल्ले. त्याबद्दल क्षमा करा. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर श्रोत्यांनीही पोटात घालावं. मिस्त्रींची क्षमा मात्र मी एकटीने मागून भागणार नाही.

मानपत्र न वाचताच मी टेबलावर ठेवते आहे. शेजारी पेन ठेवलं आहे. अध्यक्षमहाराज, या. माइक चालू आहे.