तुळजाराम कासाराची तिसरी

सरका जरा, धूर सगळा माझ्याकडंच येतोय. हां. आता ऐका. ज्याला बाहेर जाऊन यायचं असंल त्यानं आत्ताच जाऊन या. नंतर म्हणाल एकट्याला भ्या वाटतंय, तर मी काही सोबत येणार नाही.

तर दिवस बुडून बराच वेळ झालेला, आणि तुळजाराम कासार हातात विळा घेऊन एकटाच गावाबाहेर पडला. अंगाला हळद. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या चिंचोलीला त्याचं लगीन. वऱ्हाडाच्या गाड्या उन्हं असतानाच पुढं गेलेल्या. आता तुम्ही म्हणाल, हळद लागलेला नवरा रात्री एकटा शीव ओलांडतो होय? ओलांडत नाही. ओलांडू नये. पण त्याला कारण होतं, ते आधी ऐका.

तुळजाराम गावोगाव बांगड्या भरायचा. हात असा मऊ, की बारक्यातली बारकी बांगडी चढवली तरी बाई 'आई गं' म्हणायची नाही. पण त्याच्या स्वतःच्या घरात चुडा टिकला नाही. पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी तापानं गेली. मग लोकांनी पत्रिका दाखवायला लावली. कसब्याच्या धुंडिराज जोशांनी पत्रिका बघितली आणि मिटून ठेवली.

"सातव्या घरात मंगळ आहे. बायकोच्या जागेवरच बसलाय. तिसरीलाही ठेवणार नाही."

तिकडं चिंचोलीच्या गिरजेच्या पत्रिकेत पण मंगळ. त्यापायी तिला कुणी करून घेईना, केस पिकायला लागले. मंगळाला मंगळ चालतो, म्हणून हिचं आणि तुळजारामाचं जुळलं. पण जोशी म्हणले, "तिचा मंगळ तुला काही करणार नाही. तुझ्या तिसरीवरचा घात मात्र कुणावर तरी गेलाच पाहिजे. म्हणून तिसरं लगीन रुईच्या झाडाशी लाव. व्हायचं ते रुईचं होईल. गिरजा चौथी."

ही रीत जुनी आहे बरं का. माझ्या देखत झालीत अशी लग्नं. ओढ्याकाठी एक रुई होती, पुरुषभर उंच. तिच्यापुढं अंतरपाट धरला, अक्षता टाकल्या. जोशांनी बजावलं, "हळदीचा दोरा बांध. दुसरं काही करू नको. हे ग्रहाला दाखवायपुरतं आहे, नांदवायला नाही. परवा दिवस मावळताना एकट्यानं यायचं, रुई बुडातनं तोडायची आणि मागं न बघता चालू लागायचं."

जोशांची पाठ वळली, आणि तुळजारामानं काय केलं? पेटीतनं हिरवा चुडा काढला आणि रुईच्या दोन फांद्यांत भरला! का भरला? जातीचा कासार तो. बोहल्यावरची नवरी भुंड्या हातांची त्यानं जन्मात बघितली नव्हती. त्याला ते बघवेना. माया होती हो, दुसरं काही नाही. पण कासाराच्या हातनं चुडा भरला म्हणजे मग दाखवायपुरतं काय राहिलं? लगीनच लागलं की ते!

आणि तोडायच्या दिवशी हात काही उठेना. आता जातो, मग जातो करत अंधार पडला. तवा निघाला. म्हणून रात्र.

ओढ्यावर आला. बघतो तर रुई नाही!

तोडलेली नाही, उपटलेली नाही. नाहीच. नुसती ओली माती, जणू कुणी बसल्या जागेवरनं उठून गेलंय. तुळजारामाला वाटलं, कुणीतरी नेली असंल. पण रुई कोण नेणार? गुरं तिला तोंड लावत नाहीत. तरी मनाची समजूत घातली आणि चालू लागला.

थोडं गेला. मागं वाजलं. किण्. किण्.

तुम्हाला-मला बांगडी ती बांगडी. कासाराला आपल्या पेटीतला माल आवाजावर कळतो. हा चुडा आपला, हे त्याला कळलं. मागं बघायचं नाही, एवढंच ध्यानात ठेवलं.

"अवो, दमानं चाला की. माझ्या पायाला सवय न्हाई चालायची."

चालत राहिला.

मग आवाज बदलला. पहिल्या बायकोचा आवाज! "भाकरी झाकून ठेवलीया, निवंल." हा तिचा रोजचा बोल. तुळजारामाचं पाऊल अडखळलं. पण मान ताठ. मग दुसरीचा आवाज, तापातला, बारीक. "पाणी द्या हो, घोटभर. एवढंच." ऐका, तिला शेवटचं पाणी ह्यानंच पाजलं होतं. डोळ्यांतनं धार लागली गड्याच्या. मान अर्धी वळली होती म्हणतात. अर्धीच! तेवढ्यात ठेच लागली आणि भानावर आला.

चिंचोलीचा दिवा दिसत होता. हा चालतोय, दिवा तेवढ्याच लांब. हा पळतोय, दिवा तेवढ्याच लांब. पायाखाली परत ओली माती लागली. बघतो तर तोच ओढा! चकवा लावला होता तिनं.

आणि आता ती मागं नव्हती. पुढं होती. वाटंतच बसलेली. पिवळं लुगडं, तोंडावर पदर, दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरलेले.

"लगीन लावलंत. घरी न्हेलं न्हाई."

तुळजारामानं विळा पाठीमागं लपवला.

"हातात काय हाय?"

"विळा."

"कशाला?"

आता खोटं काय बोलणार? "तुला तोडायला," तो म्हणला.

ती जराशी हसली. "मंगळ तुमचा. मरायचं मी?"

गड्यांनो, भुताला रामनाम घेता येतं, अंगारा फेकता येतो. पण खऱ्या बोलण्याला उत्तर कुठनं आणायचं? तुळजारामाला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्ती वाटली, असं तो नंतर म्हणायचा.

"मला घरी न्या, न्हाईतर माझ्यासंगं या," म्हणली, आणि मनगट धरलं. हात कसला! चिकट, पांढरा चीक पाझरणारा. कातडं चरचरलं. पदर उडाला आणि तोंडाच्या जागी नुसता कापूस! रुईचा कापूस, उडतोय, नाकात जातोय, घशात जातोय. श्वास कोंडला. गुडघे टेकले. गेला, गेला, गेला म्हणा की!

तेवढ्यात त्याच्या तोंडातनं सवयीचं बोलणं निघालं. रोज शंभर बायकांना म्हणायचा तेच. "हात सैल सोड, बाय. सैल सोड."

आणि तिनं हात सैल सोडला! कासारापुढं बाईचा हात सैल पडतोच.

तुळजारामानं तो हात मांडीवर घेतला. विळ्याची मूठ उलटी धरली. ऐका, कासार 'बांगडी फुटली' असं तोंडानं म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. आणि त्या गड्यानं आपल्या हातानं भरलेला चुडा आपल्या हातानं फोडला. एक हात, मग दुसरा. आणि मोठ्यानं म्हणला, "तुझा नवरा मेला गं बाई. तुळजाराम कासार मेला. आत्ता, ह्या वाटंवर मेला. तू सुटलीस."

मग तिनं जो हंबरडा फोडला! नवऱ्याच्या मढ्यावर बाई रडते ना, तसा. "अवो तुळजाराम, मला टाकून कुठं गेला हो!" रडत, चाचपडत ती त्याच्या अंगावरनं गेली. तो समोर बसलाय आणि तिला दिसत नाही! तिच्या लेखी तो मेला होता. ती वाटंवर त्याचं मढं हुडकत होती.

तुळजाराम चवड्यावर उठला. श्वास धरून निघाला. मागं ती हाका मारतीय, "तुळजाराम! अवो तुळजाराम!" आणि ओ द्यायची नाही. ओ दिली की जिता झाला.

आता दिवा जवळ येऊ लागला. येऊ लागला म्हणजे चालतच येत होता. गिरजेचा भाऊ सदबा कंदील घेऊन नवरदेवाला बघायला निघाला होता. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! लांबनंच ओरडला, "कोण, तुळजाराम दाजी का?"

मागचं रडणं थांबलं.

एकदम थांबलं. कान देऊन ऐकतंय असं.

"ओ तुळजाराम दाजी! तुमीच न्हवं?"

तुळजाराम जीव खाऊन पळाला आणि सदबाच्या तोंडावर हात दाबला. दोघं तसेच उभे, एकमेकांचा श्वास ऐकत. बऱ्याच वेळानं ओढ्याकडनं परत रडणं सुरू झालं. आधी बारीक, मग लांब, लांब.

पहाटे चिंचोलीत सगळ्यांना कळलं. म्हातारे म्हणले, लगीन पुढं ढकला. वऱ्हाडाबरोबर आलेले जोशी पोथी उघडून बसले. गिरजा आतनं हळदीच्या अंगानं बाहेर आली आणि म्हणली, "त्यात काय एवढं? तुळजाराम मेला तर मेला. ह्यांचं नाव बदला. आमा बायकांचं लग्नात बदलत्यातच की."

जोशांनी पोथी मिटली.

तर त्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचं नाव लिहिलं नाही, नवऱ्याचं लिहिलं. यशवंत. गिरजा ती गिरजाच राहिली. त्यांना तीन लेकरं झाली, धाकटा अजून बाजारात बांगड्यांचं पाल टाकतो, त्याच्याकडनंच मी हे ऐकलंय. गिरजाबाई चांगली म्हातारी होऊन गेली. मंगळ हटला म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

पण ती ओढ्यावरची सुटली का? ते काही मला सांगता येत नाही. आता तिथं डांबरी झाली, फटफट्या जातात. जाऊ देत. तुम्ही मात्र दिवस बुडाल्यावर चिंचोलीला वरच्या नाक्यानं जा, लांब पडलं तरी. आणि चुकून ओढ्यानं गेलातच, तर सोबत्याला नावानं हाक मारू नका. कुणी बाई रडत विचारंल, "माझा मालक दिसला का हो?" हो म्हणू नका, नाही पण म्हणू नका. ती नवरा हुडकतीय. तुम्ही तोंड उघडलंत, तर ती तुमचंच नाव विचारून घेईल, आणि मग तुम्हीच तिचा मालक.

टाका रे दोन लाकडं. आणि तो कोण आता बाहेर निघालाय एकटा?