मंडळ बंद पडलं, असं कोण म्हणतं?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आमच्यापैकी कोणाचंच मन तयार नाही त्या आमच्या बाई, आणि सभागृहातील रसिकहो,

बाईंनी संगीताचा इतिहास कसा शिकवला, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे. मी फक्त माझ्या पहिल्या शोधनिबंधाबद्दल बोलते.

विषय मी निवडला होता, 'स्त्रिया आणि संगीत : प्राचीन काळापासून आजपर्यंत'. बाईंनी आराखडा वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, "छान आहे. पण हा लिहून होईपर्यंत मी हयात असेन का?" मग विचारलं, "तुझ्या घरात कोण गातं?"

मी म्हटलं, "मावशी गायची. कापड कारखान्यातल्या बायकांचं गायनमंडळ होतं. पुढे लग्नं झाली, गाण्यातला रस संपला, मंडळ बंद पडलं. पाच पुस्तकांत तसंच लिहिलंय."

"त्या पाचांनी ते कुठून घेतलं?"

तळटीपा तपासल्या. पाचही जण एकाच बातमीवर विसंबलेले, आणि ती बातमी दिली होती कारखान्याच्या व्यवस्थापकाने! आता तुम्हीच सांगा, याला पाच साधनं म्हणायचं की एक?

मी थेट मावशीकडे गेले. ती भाजी निवडत होती. पुस्तकातलं ते वाक्य मी तिला वाचून दाखवलं. "रस संपला?" हातातली भाजी तशीच राहिली. "अगं, आमची तालमीची खोली काढून घेतली त्यांनी. मग आम्ही शिंपीणबाईंच्या घरी जमायला लागलो. आणि लोक आजही विचारतात, गाणं का सोडलंत? सांगून सांगून तोंड दुखलं."

मला वाटलं, झाला निबंध. बाई म्हणाल्या, "मावशी तुझी लाडकी आहे, म्हणून तिचं सगळं खरं धरायचं नाही. पडताळा घे." हे मी मावशीला सांगितलं मात्र, ती काही दिवस माझ्याशी धड बोलेना.

शेवटी रेडिओ केंद्राच्या कोठारात मंडळाच्या गाण्याची एक ध्वनिफीत सापडली. डब्यावरची तारीख मंडळ 'बंद पडल्या'नंतरची! बाई स्वतः मावशीला घेऊन ऐकायला आल्या. गाणं सुरू झालं. मावशी मान खाली घालून ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "ही सगळ्यांच्या पुढे पळतेय ना, ती मी." मग इतकी हसली, की पदराने डोळे पुसावे लागले. बाई माझ्याकडे वळल्या. "आता लिही."

निबंध छापून आला. तो वाचून मंडळातल्या बायका एकमेकींना शोधत आल्या आणि आता दर आठवड्याला आमच्याच घरी, बैठकीच्या खोलीत गातात. मावशी आज समोर बसली आहे. तिने बाईंना विचारायला सांगितलंय, "आता मोकळ्या झालात, तर गायला येता का? आम्हाला खालच्या पट्टीतला आवाज कमी पडतोय."

मला बोलायची संधी दिल्याबद्दल संयोजकांची मी ऋणी आहे. ओघात काही राहिलं असेल, काही जास्त झालं असेल, तर पोटात घालावं. बाईंच्या उत्तरासाठी मावशी खोळंबली आहे, म्हणून मी बसते.