नडगी माझी, सल्ला गावाचा

नाही, मला एक कळत नाही, तुम्हीच सांगा! माणसाचा दात दुखला तर लोक म्हणतात, डॉक्टरकडे जा. कान दुखला, डॉक्टरकडे जा. पण नडगी म्हटली की आमच्या गावात जो तो डॉक्टर! न्हावी डॉक्टर, सासू डॉक्टर, सरपंच डॉक्टर, अहो ते म्हशीवाले आजोबा, ज्यांनी उभ्या जन्मात डास सोडून कुणाला मारलं नाही, तेसुद्धा माझा पाय मांडीवर घेतात काय, अंगठ्यानं दाबतात काय, आणि म्हणतात काय, "हं... कच्ची आहे." कच्ची! फणस आहे का हो तो? आणि नडगी कुणाची? माझी!

आता हे सुरू कसं झालं, तर सरपंचांच्या भोंग्यामुळे. आमच्या थायलंडात, बुरीरामकडे, गावागावात सकाळी सहाला सरपंच भोंग्यावर बोलतात, कुणाची म्हैस हरवली, कुणाला इंजेक्शनला जायचंय, सगळं. तर त्या दिवशी मी मच्छरदाणीत, अर्धा डोळा उघडा, आणि भोंगा म्हणतो, "विहाराच्या जत्रेत यंदा जुन्या मुएथाई मल्लांची लढत! आपल्या गावचा प्रयून, विरुद्ध नदीपलीकडचा विसूत!" प्रयून म्हणजे मी! मला विचारलं? नाही विचारलं. माझं वय सेहेचाळीस, शेवटची लाथ मारून वीस वर्षं झाली, त्यानंतर मी लाथ मारली असेल तर ती गाडीच्या टायरला. सरळ जाऊन सांगणार होतो, सरपंच, विसरा. चपलासुद्धा घातल्या होत्या...

पण आमची खाओफांग, अकरा वर्षांची, दारात उभी. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही? तुम्ही खरंच लढायचात?" आणि हसली. वाईट नाही हो हसली, पोर गुणी आहे... पण हसली. तिची तरी काय चूक? जन्मल्यापासून तिनं मला बसलेलंच बघितलंय, गाडीत बसलेलं नाहीतर टांगलेल्या झोळीत आडवं. भिंतीवर माझा जुना फोटो आहे, कमरेला पट्टा, पोट आत, छाती बाहेर. तिला इतकी वर्षं वाटत होतं की तो मामाचा फोटो आहे! मामाचा! मी चपला काढल्या. म्हटलं, एकदा... एकदाच या पोरीनं बघायला पाहिजे.

हातात किती दिवस? तीन आठवडे. दम येईल, हात चालतील, पण नडगी? मुएथाईत लाथ नडगीनं मारायची, समोरच्याची लाथ नडगीनंच अडवायची, हाडावर हाड येतं, आणि माझी नडगी वीस वर्षं लुंगीत झोपलेली! तर केस कापता कापता छ्यूम न्हावी म्हणाला, "प्रयूनदा, सोपं आहे. काचेची बाटली घे, नडगीवर दाबून लाट. रोज तासभर. हाडातलं दुखणंच मेलं पाहिजे!" मी विचारलं, भरलेली की रिकामी? म्हणतो, "आधी रिकामी कर, मग लाट." हा आमचा हाडांचा तज्ज्ञ. आयुष्यात एकदा रिंगणात चढला होता, खुर्च्या मांडायला!

पण ऐकलं मी. ऐकतोच ना माणूस, घाई असली की! झोळीत बसून लाटायला लागलो. बायको, संगवान, बघत होती, म्हणाली, "अहो, पायाला इस्त्री करताय की काय?" पहिल्या दिवशी दुखलं, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं, तिसऱ्या दिवशी डाव्या नडगीवर टेंगळं आणि खाली निळंजांभळं. छ्यूमला दाखवलं तर त्याला आनंद! "निळी पडली? वा! मुरतेय!" लोणचं आहे का हो? तेवढ्यात पुढची गिऱ्हाइकं, सगळी आपली मतं घेऊन. एक म्हणतो काठीनं ठोक, एक म्हणतो झोंबरं तेल चोळ, एक म्हणतो तेल चोळून काठीनं ठोक! आणि नडगी कुणाची? माझी!

मग सासूबाई. आता सासूबाईंचा सल्ला, मी कबूल करतो, या सगळ्यांत बरा होता. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी पोरं केळीला लाथा मारायची. खोड मऊ, आत पाणीच पाणी, पायाला लागत नाही. माझ्या परसात घड उतरवलेल्या तीन केळी आहेत, तशाही तोडायच्याच आहेत. मार त्यांना." बरोबर आहे, घड उतरला की केळ संपली, ती तोडायचीच असते, म्हणून तर आमच्याकडे तिला मारतात. पण मला लाज! सेहेचाळीसाव्या वर्षी जावई सासूच्या परसात लाथा मारतोय, कुणी बघितलं तर? म्हणून गेलो भल्या पहाटे, धुक्यात, आणि म्हटलं, मारायची तर छोटी कशाला, चांगली जाडजूड बघू. आता जी केळ जाडजूड असते ती का असते? तिला घड लागलेला असतो म्हणून! आणि घड लागलेली केळ वाकू नये म्हणून तिला काय लावतात? बांबूचा टेका! हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण धुक्यात मला बांबू दिसला नाही हो... मी पूर्ण कंबर फिरवली, डावा पाय भिरकावला... टण्ण!

केळीला लागलंच नाही. सगळं बांबूला. टेका उडाला, केळ आडवी, घड आडवा, मी आडवा. सासूबाई बाहेर आल्या. तो घड त्यांनी जत्रेत विहाराला द्यायला राखला होता, चार महिने रोज बघत होत्या त्याला. त्यांनी एकदा घडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, घड उचलला आणि घरात गेल्या. मला नाही उचललं.

आता हसू नका, पुढचं हसण्यासारखं नाही. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं पाय बघितला, एकाच बोटानं एकाच जागी दाबलं आणि मी ओरडलो. ती म्हणाली, "सगळीकडे दुखत असतं तर मी सोडलं असतं. एका टिंबावर दुखतंय ना, म्हणजे हाड तडकायच्या बेतात आहे. अजून एक असा दणका, की प्लास्टर. मग गाडी कोण चालवणार?" माझी गाडी म्हणजे मागे दोन बाकड्यांची, रोज पहाटे बाजाराच्या चौदा बायका, भाज्या, कोंबड्या, सगळं त्यात. आणि क्लच कुठल्या पायानं दाबतात? डाव्या! पाय गेला तर घर बसलं. खरं सांगतो, मी घाबरलो.

मग शेवटी जिथे पहिल्यांदा जायला पाहिजे होतं तिथे गेलो, तावी वस्तादांकडे. अठ्ठ्याहत्तर वय, पत्र्याची तालीम, आत दोन पिशव्या टांगलेल्या. मला वाटलं ओरडतील. नाही ओरडले, हळू आवाजात बोलले, ते जास्त वाईट.

"सोळाव्या वर्षी तू माझ्याकडे आलास, तेव्हा मी बाटली दिली होती?"

"नाही वस्ताद."

"काय दिलं होतं?"

"पिशवी."

"वाळूची?"

"नाही, चिंध्यांची. वाळू खाली बसून दगड होते, असं तुम्हीच..."

"पहिल्या दिवशी किती लाथा?"

"दहा. हलक्या."

"आणि पाय दुखला की?"

"घरी पाठवायचात."

"किती वर्षं चाललं हे?"

"दोन."

"मग पाय दोन वर्षांत तयार झाला हे माहीत असून तू न्हाव्याकडे कशाला गेलास, केस सोडून?"

मग म्हणाले, "अरे, हाड बाहेरून ठोकून घट्ट होत नाही. रोज थोडा भार दे, मग विश्रांती दे, ते आतून आपलं आपण भरतं, झोपेत भरतं. बाटलीनं नुसती कातडी बधिर होते, आणि दुखणं कळेनासं झालं की माणूस मोडतो." मी म्हटलं, वस्ताद, दहा दिवस राहिलेत, दहा दिवसांत काय होईल? म्हणाले, "सूज उतरेल. बस. बर्फ लाव आणि लढतीला चढू नकोस." तेव्हा मी त्यांना खाओफांगचं सांगितलं. मामाच्या फोटोचं सांगितलं. म्हाताऱ्यानं टांगलेली पिशवी हातानं एकदा झुलवली. मग म्हणाला, "तीन फेऱ्या आहेत ना? डावा पाय जमिनीवरून उचलायचा नाही. नुसती मिठी मारून उभा राहा. मिठी तुझी चांगली होती."

जत्रा आली. दुपारी तीन, ऊन हे असं, सनई वाजतेय, मी लढतीआधीचा, वस्तादांना वंदन करायचा नाच करतोय आणि चड्डीवरून पोट माझ्यामागून अर्ध्या क्षणानं नाचतंय. समोर विसूत. टक्कल पडलंय, पोट माझ्याहून मोठं. घंटा वाजली. मी पुढे, तो मागे, तो पुढे, मी मागे, लाथ कुणीच मारत नाही! लोक ओरडतायत, "लाथ! लाथ!" छ्यूम सगळ्यांत पुढे, "बाटली दाखव त्याला, बाटली!" अरे गप! नडगी कुणाची? माझी!

दुसऱ्या फेरीत मी मारली मिठी. घट्ट. डोक्याला डोकं, कानाला तोंड. आणि विसूत माझ्या कानात म्हणतो, "कुठली?"

"काय कुठली?"

"नडगी रे. कुठली गेलीय?"

"डावी. बाटली, मग बांबू. तुझी?"

"दोन्ही." आणि सुस्कारा सोडून म्हणाला, "आमच्या गावातही न्हावी आहे."

अहो, त्या क्षणी मला तो सख्ख्या भावासारखा वाटला! वीस वर्षांपूर्वी या माणसानं माझं नाक फोडलं होतं! आम्ही एकमेकांना धरून उभे, पंच सोडवतोय, आम्ही परत धरतोय.

तिसरी फेरी. आणि दोरीपाशी खुर्चीवर उभी राहून आमची खाओफांग, गळा फाटेस्तोवर, "बाबाऽऽ! एकदाऽऽ!"

मी मिठीत म्हटलं, "विसूत, मुलगी बघतेय."

त्यानं माझ्या खांद्यावरून बघितलं. "लाल रिबीनवाली?"

"हो."

"माझी नात बघतेय. फुगेवाल्यापाशी." मग तोच म्हणाला, "एकेक?"

"एकेक. मी उजव्यानं, तुझ्या बरगडीवर. चरबी आहे तिथे. नडगी मधे आणू नकोस."

"आणतोय कशाला! मी गुडघा मारतो. पोट आवळून घे."

त्यानं मारला गुडघा, प्रेमानं, आणि नदीपलीकडचे सगळे एकदम, "ओऽऽय!" मग मी मागे सरलो, डावा पाय रोवला, कळ पार डोक्यात गेली, आणि उजवा पाय... आपोआप गेला हो. धप्प! आमचं अख्खं गाव, "ओऽऽय!" तुम्हाला सांगतो, एक क्षणभर मला पोट नव्हतं. मी खुर्चीकडे बघितलं तर पोरीचं तोंड उघडंच्या उघडं. ती हसत नव्हती. मला रडू आलं, घामात कुणाला कळलं नाही.

निकाल बरोबरीचा. छ्यूमनं गावभर सांगितलं, माझ्या बाटलीनं लढत वाचवली, आता त्याच्या दुकानात बाटल्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. मी जाऊन जाऊन सांगतो, लाटू नका, पिशवी मारा, थांबा, झोपा, दोन वर्षं लागतात. लोक म्हणतात, "एवढंच?" आणि मला सोडून न्हाव्याकडे जातात.

आणि घरी काय? खाओफांग म्हणाली, "बाबा, मला शिकायचंय." मी तिला थेट वस्तादांकडे नेली. म्हातारा खूश! म्हणाला, "सहा महिने लाथ नाही. नुसतं धावणं आणि दोरीवरच्या उड्या. मग चिंध्यांची पिशवी, दहा लाथा, दुसऱ्या दिवशी सुट्टी." मी मान डोलवतोय, वा वा, अगदी बरोबर. तर पुढे म्हणतो, "आणि रस्त्यावर कुत्री फार आहेत. पोरीला एकटी धावू द्यायची नाही." आणि माझ्याकडे बघतो.

दीड महिन्यानं सिस्टरनं मला धावायची परवानगी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज, बाजाराच्या बायकांना सोडून आलो की, शाळेच्या आधी, विहारापर्यंत आणि परत. ती पुढे, रिबीन उडतेय, मी मागे, पोट धरून. मी म्हणतो, थांब गं जरा... तर वळून ओरडते, "बाबा, चला! दोन वर्षं लागतात! आज चौथाच दिवस आहे!" नडगी कुणाची? तिची! गावाच्या सल्ल्यातून सुटली पोर, सुखी राहो... फक्त हे गुडघे तेवढे माझे आहेत हो.